रिफर्बिश्ड डिजिटल ऑसिलोस्कोप घेताना: पैसे मोजण्याआधी कोणत्या क्रमाने काय तपासायचं

जुना डिजिटल स्कोप (विजेचा सिग्नल पडद्यावर लाटेसारखा दाखवणारं यंत्र, म्हणजे ऑसिलोस्कोप) घेताना बहुतेक जण एकच क्रम पाळतात. पुढच्या पट्टीवरचं नाव बघायचं, ‘१०० मेगाहर्ट्झ’ वाचायचं, स्क्रीन लागते का बघायची आणि भाव करायचा. दुकानदार प्रोब (सिग्नल स्कोपपर्यंत आणणारी टोकदार वायर) कॅलिब्रेशनच्या खिळीला लावतो, चौकोनी लाट दिसते, सौदा पक्का. पण त्या लाटेने सिद्ध काय झालं? एक चॅनेल, एका रेंजवर, १ किलोहर्ट्झला चालतं, एवढंच. बाकीच्या रेंजवर स्कोप २० टक्के कमी दाखवत असेल, तर तुम्ही पुढे चांगल्या बोर्डात नसलेला दोष शोधत बसणार. मल्टिमीटर बिघडला तर लवकर संशय येतो. स्कोप खोटं बोलत असेल तर माणूस आधी बोर्डावर संशय घेतो.

हा लेख दुरुस्तीचं काम करणाऱ्यांसाठी आहे: एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय), इन्व्हर्टर, ऑडिओ, चार्जर, मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड. खाली दिलेला क्रम बदलू नका. नंतरच्या तपासण्या आधीच्या तपासण्यांवर उभ्या आहेत.

टप्पा १: आधी कामाची यादी, मग मॉडेल

गेल्या काही महिन्यांत टेबलावर आलेली कामं आठवा आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: सगळ्यात वेगवान सिग्नल कोणता, आणि सगळ्यात लांब घटना किती वेळाची. दुसरी गोष्ट जवळपास कोणीच लिहीत नाही.

एसएमपीएसचं स्विचिंग साधारण ५० ते १५० किलोहर्ट्झ असतं. चिपांमधल्या डेटाच्या लाइनींपैकी आयटूसी १०० किंवा ४०० किलोहर्ट्झवर चालतं, कॅन बस १ मेगाबिटपर्यंत, आणि एसपीआय बऱ्याचदा १० मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे या कामांना ६० ते १०० मेगाहर्ट्झचा स्कोप पुरतो. ‘सुरू होताना एकदाच रीसेट होतं’, ‘दर अर्ध्या सेकंदाला सप्लाय उचकी खातो’ अशा तक्रारी मात्र शेकडो मिलिसेकंदांच्या असतात. तिथे बँडविड्थ (स्कोप किती वेगवान सिग्नल दाखवू शकतो तो आकडा) नाही, मेमरी लागते.

चार चॅनेल हवेत की दोन, हेही इथेच ठरवा. एनेबल, क्लॉक, डेटा आणि सप्लाय एकत्र बघायचे असतील तर चार. नुसता सप्लाय आणि ऑडिओ असेल तर दोन चांगले चॅनेल चार थकलेल्या चॅनेलांपेक्षा बरे.

टप्पा २: तीन आकडे एकत्र वाचा

बँडविड्थ. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपला १०० मेगाहर्ट्झची साइन लाट दिली, तर ती खऱ्या उंचीच्या सुमारे ७० टक्केच दिसते. उंचीवर विसंबायचं असेल तर बँडविड्थच्या पाचव्या हिश्शापर्यंतच जा. तिथे ही घट २ टक्क्यांच्या आसपास राहते. चौकोनी लाटेच्या कडेसाठी (लाट खालून वर चढायला लागणारा वेळ) एक सूत्र पाठ करा: ०.३५ भागिले बँडविड्थ. १०० मेगाहर्ट्झला ३.५ नॅनोसेकंद, २० मेगाहर्ट्झला १७.५ नॅनोसेकंद. याहून वेगवान कड स्कोप दाखवूच शकत नाही.

सॅम्पल रेट, म्हणजे स्कोप सेकंदाला किती वेळा मोजतो. जाहिरातीत लिहिलेला आकडा बहुधा एकच चॅनेल चालू असतानाचा असतो. रिगॉल डीएस १०५४झेड घ्या: एका चॅनेलला १ गिगासॅम्पल, दोन लावले की ५००, तीन किंवा चार लावले की २५० मेगासॅम्पल. तुम्ही जितके चॅनेल वापरणार, तितके चालू धरूनचा आकडा पकडा. तो बँडविड्थच्या चार-पाच पट असावा.

मेमरी, म्हणजे एका वेळी किती मोजमापं (पॉइंट) साठवता येतात. जुन्या स्कोपची खरी अडचण इथे असते. टेक्ट्रॉनिक्सच्या टीडीएस २१० आणि २२० यंत्रांत, आणि नंतरच्या टीडीएस १००० व २००० मालिकांतही, प्रत्येक चॅनेलला २५०० पॉइंट आहेत. यंत्रं दणकट आहेत, वर १ गिगासॅम्पल लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही. आता ५० मिलिसेकंद पर डिव्हिजन (पडद्यावरचं एक घर) लावा. दहा घरांत ५०० मिलिसेकंद झाले आणि त्यांत २५०० पॉइंट बसवायचे, म्हणजे सेकंदाला फक्त ५००० सॅम्पल. ९६०० बॉडच्या सिरीयल लाइनचा एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, आणि इथे दोन सॅम्पलमधलं अंतर २०० मायक्रोसेकंद. दोन बिटांत मिळून एकच सॅम्पल पडला. अशा स्क्रीनवर डेटा वाचणं सोडाच, तो आहे की नाही हेही सांगता येणार नाही. याच सेटिंगवर १०० किलोहर्ट्झच्या सप्लायचा रिपल (डीसीवर उरलेली बारीक लाट) एखाद्या संथ, अस्तित्वातच नसलेल्या लाटेसारखा दिसू शकतो. १०५४झेडमध्ये एका चॅनेलला १२० लाख पॉइंट मिळतात. तेवढ्याच ५०० मिलिसेकंदांत सेकंदाला २.४ कोटी सॅम्पल पडतात.

म्हणून टीडीएस घेऊच नये असं नाही. सप्लाय, ऑडिओ आणि वारंवार येणाऱ्या लाटांसाठी तो आजही चांगला चालतो. सिरीयल डेटा आणि एकदाच घडणाऱ्या घटना ज्यांना बघायच्या आहेत, त्यांनी मात्र नावाला भुलू नये.

तपासणी: टप्पा १ मधली सगळ्यात लांब घटना घ्या. मेमरी भागिले त्या घटनेचा वेळ, म्हणजे खरा सॅम्पल रेट. तो तुमच्या सिग्नलच्या दहा पट निघत नसेल तर पुढचं मॉडेल बघा.

टप्पा ३: मॉडेलचं जुनं दुखणं आधी शोधा

प्रत्येक मालिकेचे ठरलेले आजार असतात. नव्वदच्या दशकातल्या टेक्ट्रॉनिक्स टीडीएस ४०० आणि ५०० मालिकांत छोटे सरफेस-माउंट इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात आणि त्यातलं द्रव बोर्डाचे ट्रॅक खातं. यंत्र गरम झाल्यावर मासळीसारखा उग्र वास आला तर संशय घ्या. काही जुन्या मॉडेलांत कॅलिब्रेशनचे आकडे अशा मेमरी चिपमध्ये असतात जिची लिथियम बॅटरी चिपच्या पोटातच असते. ती बॅटरी संपली की आकडे गेले. जुन्या एलसीडीच्या मागची ट्यूब मंद होते. रोटरी नॉब एका खटक्याला दोन पायऱ्या उडी मारतात किंवा उलटे जातात.

यातलं स्क्रीन आणि नॉबचं काम थोडक्यात होतं. गळलेले कपॅसिटर बदलणं हे हात बसलेल्या माणसाचं काम आहे. इनपुटचा अटेन्युएटर (आलेला व्होल्टेज कमी करणारा भाग) किंवा खास हायब्रिड चिप गेली असेल तर दुसरा मेलेला स्कोप विकत घेऊन त्यातून सुटे भाग काढण्याशिवाय मार्ग नसतो. भाव करताना दोषांची हीच उतरंड डोक्यात ठेवा.

ऑप्शनही बघा. टीडीएस २१० आणि २२० ला यूएसबी नाही. संगणकाला जोडायला मागे वेगळं मोड्यूल लागतं. नव्या यंत्रांत सिरीयल डिकोड किंवा वाढीव मेमरी लायसन्सवर चालते. ‘सिस्टिम इन्फो’चा पडदा उघडायला लावा. तिथे ‘ट्रायल’ लिहिलं असेल तर ती सोय मुदत संपली की जाणार.

टप्पा ४: ‘रिफर्बिश्ड’ म्हणजे नेमकं काय केलं, ते विचारा

पुसून, पेटवून, स्टिकर लावून विकलेला स्कोपही रिफर्बिश्ड म्हणून येतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातली तपकीर गल्ली असो वा बंगळुरूचा एसपी रोड, प्रश्न तेच ठेवा:

– आलं कुठून? कंपनीच्या लॅबमधून, कॉलेजातून की लिलावाच्या लॉटमधून?
– उघडलं होतं का? कोणते भाग बदलले?
– बंद का केलं होतं?
– किती दिवसांत परत घ्याल, आणि पावतीवर ते लिहून द्याल का?

‘बंद का केलं’ या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं तर बाकीच्या उत्तरांवर थोडा भरवसा ठेवता येतो.

‘कॅलिब्रेटेड’ या शब्दावर थांबा. गोल स्टिकर म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे. सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा सिरीयल नंबर मागच्या पाटीशी ताडून बघा. मोजलेले आकडे आणि त्यांची अनिश्चितता लिहिलेली असावी. प्रयोगशाळा एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली असेल तर उत्तम. घरच्या दुरुस्तीकामाला सर्टिफिकेट लागतच नाही. त्यासाठी जास्तीचे पैसे देण्यापेक्षा खालच्या तपासण्या स्वतः करा.

सावधान: सरकारी किंवा कंपनीच्या ई-लिलावातले लॉट ‘आहे तसं, आहे तिथे’ या अटीवर जातात. चालू करून बघायला मिळणार नसेल, तर सुट्या भागांचाच भाव धरा.

टप्पा ५: सोबत न्यायची पिशवी

दुकानदाराच्या वायरी आणि प्रोबवर चाचणी करू नका. दोष यंत्राचा की वायरीचा, हे कळणार नाही. सोबत न्या:

– खात्रीचा मल्टिमीटर
– ९ व्होल्टची बॅटरी, एक १.५ व्होल्टचा सेल, आणि १० किलोओहमचं पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर)
– बीएनसी (स्कोपच्या इनपुटचा गोल जोड) केबल, बीएनसीला दोन क्लिप असलेली वायर, टी जोड, ५० ओहम टर्मिनेटर
– स्वतःचा माहितीतला १०एक्स प्रोब (सिग्नल दहापट कमी करून देणारा)
– फोनमध्ये टोन जनरेटर ॲप आणि हेडफोन जॅकची वायर
– एक छोटा बोर्ड: ५ व्होल्टवर १० मेगाहर्ट्झचा डबीवाला क्रिस्टल ऑसिलेटर, त्यापुढे ७४एसी१४ ची एक गेट, तिच्या आउटपुटला ४७० ओहम सिरीजमध्ये आणि मग बीएनसी सॉकेट

शेवटचा बोर्ड करायला एक संध्याकाळ पुरते. ७४एसी१४ च्या पुरवठ्याच्या पायांना अगदी लगत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, नाहीतर कड घाण येते. पॉवर बँकेवर चालतो. स्कोपची वेळ आणि वेग दोन्ही याच्याने तपासता येतात.

टप्पा ६: काउंटरवरची तपासणी

अर्धा-पाऊण तास मागून घ्या. गर्दीच्या वेळी जाऊ नका.

६.१ प्लग लावण्याआधी. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. एक टोक पॉवर कॉर्डच्या जाड अर्थ पिनला, दुसरं बीएनसीच्या बाहेरच्या कड्याला. वाचन १ ओहमच्या आसपास किंवा कमी यायला हवं. सर्किट उघडं दिसलं तर कोणीतरी अर्थ तोडलेला आहे. आपल्याकडे ‘गरम’ (मेन्सशी थेट जोडलेल्या) चासिसवर काम करायला ही युक्ती सर्रास केली जाते, आणि अशा स्कोपच्या धातूच्या प्रत्येक भागावर कधीतरी मेन्सचा व्होल्टेज आलेला असतो. आधी दुसरी कॉर्ड लावून बघा. तरीही उघडंच असेल तर ते यंत्र तिथेच ठेवा. परदेशातून आलेला नग असेल तर मागच्या पाटीवर २३० व्होल्ट बसतंय का तेही बघा.

६.२ चालू करून २० मिनिटं ठेवा. या वेळात स्क्रीनवरच्या रेषा, प्रत्येक बटण, प्रत्येक नॉब दोन्ही दिशांना, पंख्याचा आवाज, बीएनसीचा ढिलेपणा हे सगळं बघून होतं. मग सगळे इनपुट मोकळे करून सेल्फ-कॅल (स्कोपचं स्वतःचं कॅलिब्रेशन) चालवा. नापास झाला तर विषय संपला. पास झाला तरी हुरळू नका: तो आतल्याच संदर्भावर चालतो, आणि संदर्भच सरकला असेल तरी पास म्हणेल.

६.३ इनपुटचा रोध. यंत्र चालू, कपलिंग डीसी. प्रत्येक बीएनसीच्या मधल्या पिनपासून कड्यापर्यंत मोजा: १ मेगओहम. ५० ओहमची सोय असेल तर तीही लावून मोजा. ५० ओहम इनपुट साधारण ५ व्होल्ट आरएमएसपर्यंतच सोसतात आणि कॉलेज-कंपनीत ते हमखास जळतात. तिथे ५० ऐवजी ७० किंवा काहीच न दिसणं म्हणजे पुढचा भाग भाजलेला आहे.

६.४ रिकाम्या चॅनेलची रेषा. इनपुटला ५० ओहम टर्मिनेटर, सगळ्यात लहान व्होल्ट पर डिव्हिजन. दोन्ही चॅनेलांच्या रेषांची जाडी सारखी हवी. एक बारीक आणि दुसरी केसाळ असेल तर केसाळ चॅनेल दुखावलेला आहे. मेनूतली २० मेगाहर्ट्झची मर्यादा (बँडविड्थ लिमिट) लावल्यावर रेषा थोडी बारीक झालीच पाहिजे.

६.५ प्रत्येक रेंज, प्रत्येक चॅनेल. सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच. मोठ्या रेंजला ९ व्होल्टची बॅटरी, मधल्यांना सेल, लहान रेंजला पॉटवरून उतरवलेला व्होल्टेज; प्रत्येक वेळी शेजारी मल्टिमीटर. या वर्गाच्या स्कोपला डीसीवर साधारण ३ टक्के फरक चालतो, अगदी लहान रेंजवर ४ टक्के. बॅटरी ९.४० व्होल्ट असेल तर ९.१२ ते ९.६८ मध्ये कुठेही वाचन आलं तर ठीक.

व्होल्ट पर डिव्हिजनचा नॉब फिरवताना आतून रिलेचा ‘टक्’ ऐकू येतो. तो सगळ्या पायऱ्यांना नसतो, दोन-तीन ठिकाणीच असतो. दोन ‘टक्’च्या मधल्या सगळ्या रेंज एका गटाच्या. एका गटात वाचन चुकतंय आणि शेजारच्या गटात बरोबर येतंय, तर रिलेचा संपर्क किंवा अटेन्युएटर गेला आहे. नॉब दहा-वीस वेळा मागे-पुढे केल्यावर वाचन बदललं तर संपर्क मळलेला आहे. दुकानदाराची चौकोनी लाट हा दोष कधीच उघडा पाडत नाही, कारण ती एकाच गटात बसते.

६.६ लाटेचा पोत. फोनवरून १ किलोहर्ट्झची साइन द्या, ती पडदाभर मोठी करा आणि डिस्प्ले ‘डॉट्स’वर ठेवा. आठ बिटांच्या स्कोपला २५६ पायऱ्या असतात. लाट गुळगुळीत चढली पाहिजे. मध्येच आडवी पट्टी रिकामी दिसली, किंवा लाट एकाच उंचीवर वारंवार अडखळली, तर एडीसीचा (व्होल्टेजचे आकडे करणारी चिप) बिट अडकलेला आहे.

६.७ वेळ. आता तुमचा १० मेगाहर्ट्झचा बोर्ड लावा. स्कोपने १० मेगाहर्ट्झच सांगायला हवं. इथे चूक क्वचित निघते, पुढे जा.

६.८ वेग. तोच बोर्ड, बीएनसी केबल थेट, स्कोपच्या तोंडाशी टी जोडावर ५० ओहम टर्मिनेटर. स्कोपला ५० ओहमचं इनपुट असेल तर टी नको, तेच वापरा. लाट अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसेल. टाइमबेस शक्य तितका वेगवान, एकच चॅनेल चालू. राइज टाइम (कड चढायचा वेळ) वाचा. बोर्डाची कड १.५ नॅनोसेकंदांची धरली, तर १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर ३.५ आणि १.५ च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे ३.८ नॅनोसेकंद अपेक्षित. ४ ते ४.५ आलं तरी ठीक. ६ किंवा ७ आलं तर आधी २० मेगाहर्ट्झची मर्यादा चुकून चालू नाही ना ते बघा. नसेल तर तो १०० मेगाहर्ट्झचा स्कोप राहिलेला नाही. दुसऱ्या चॅनेलवर हेच करा आणि दोन्ही आकडे ताडून बघा.

६.९ ट्रिगर, म्हणजे लाट कोणत्या क्षणी पकडायची ते ठरवणारी सोय. ‘नॉर्मल’वर ठेवून पातळी लाटेच्या बाहेर न्या: पडदा थांबायला हवा. आत आणा: लाट स्थिर. मग ‘सिंगल’ दाबून १.५ व्होल्टचा सेल टेकवा. ती एक उडी पकडली गेली पाहिजे. एक्स्टर्नल ट्रिगरचं इनपुटही विसरू नका.

तपासणी: ६.१, ६.३ किंवा ६.५ मध्ये नापास झालेला स्कोप भाव उतरवूनही घेऊ नका, दुरुस्तीसाठीच घेत असाल तर वेगळं. मंद स्क्रीन आणि उड्या मारणारे नॉब मात्र घासाघीस करायला उत्तम मुद्दे आहेत.

टप्पा ७: प्रोब आणि सुरक्षेचा खर्च भावात धरा

जुन्या स्कोपसोबत येणारे प्रोब बहुधा टाकाऊ असतात. १०एक्सवर टोकापासून बीएनसीच्या मधल्या पिनपर्यंत ९ मेगओहम मोजा आणि मोजताना वायर हलवा. वाचन उडालं तर वायर आतून तुटली आहे. नवा प्रोब घेताना त्याची कॉम्पेन्सेशनची पीएफ (पिकोफॅरड) रेंज तुमच्या स्कोपच्या बीएनसीजवळ लिहिलेल्या आकड्याला सामावून घेणारी हवी. नाहीतर स्क्रू कितीही फिरवा, चौकोन सपाट होणार नाही. आणि १एक्सवर प्रोबची बँडविड्थ जेमतेम ६ ते १० मेगाहर्ट्झ उरते, स्कोप कितीही मोठा असो.

सावधान: प्रोबची काळी क्लिप थेट मेन्सच्या अर्थला जोडलेली असते. एसएमपीएसच्या प्रायमरी बाजूला ती लावली की शॉर्ट. तिथे रेक्टिफायरनंतर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि मॉस्फेटच्या (स्विचिंग करणारा ट्रान्झिस्टर) ड्रेन पायावर त्याहून बरंच जास्त. आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर दुरुस्तीच्या बोर्डाला लावायचा, स्कोपला कधीच नाही. ड्रेन बघायचा असेल तर १००एक्स प्रोब किंवा डिफरेन्शियल प्रोब (अर्थला न जोडता दोन टोकांमधला फरक मोजणारा) लागेल. हा खर्च बजेटात नसेल तर स्वस्तातला स्कोप घ्या, पण तो प्रोब घ्या.

टप्पा ८: भाव, आणि घरी आल्यावर

भाव ठरवताना आधी नव्या दोन चॅनेलच्या साध्या स्कोपची वॉरंटीसकट किंमत काढा. तेवढ्याच ताकदीचा जुना नग त्याच्या निम्म्याच्या वर जात असेल तर माझ्या मते नवाच घ्यावा. जुन्यात पैसे तेव्हाच घाला, जेव्हा त्या रकमेत नव्यात न मिळणारं काही मिळतंय: चार चॅनेल, जास्त बँडविड्थ, खोल मेमरी किंवा ५० ओहमचं इनपुट.

ऑनलाइन किंवा दुसऱ्या शहरातून मागवत असाल, तर ६.३, ६.५ आणि ६.८ चे व्हिडिओ मागा, आणि त्यात सिरीयल नंबर एकदा तरी दिसला पाहिजे. नुसता पेटलेल्या पडद्याचा फोटो चालणार नाही. परदेशातून आणताना कस्टम ड्यूटी, कर आणि वजनाचं भाडं धरून एकूण किंमत काढा; परत पाठवणं जवळपास अशक्य असतं, हेही धरा.

परतीची मुदत चालू असतानाच यंत्र रोज तीन-चार तास चालू ठेवा. गरम झाल्यावर सरकणारे दोष काउंटरवर दिसत नाहीत. शेवटच्या दिवशी ६.४ आणि ६.५ पुन्हा करा, पहिल्या दिवशीचे आकडे शेजारी ठेवून. फरक निघाला तर पावती घेऊन लगेच दुकान गाठा.

आकड्यांचा तो कागद फाडू नका. वर्षभराने तीच बॅटरीची आणि राइज टाइमची तपासणी करून त्याच कागदावर पुढच्या रकान्यात लिहा.